रंग नवा म्हणजे जीवाणू नवा, असं नाही

अंटार्क्टिकातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यातून आणलेल्या नमुन्यात जीवाणूंची पिवळी किंवा गुलाबी वसाहत वाढली की नवी जाती सापडली, हा समज जुना आहे. त्याला इतिहासही आहे. 1923 साली फ्लॅवोबॅक्टेरियम हा गट बांधला गेला, तो मुख्यतः पिवळ्या रंगावर. पुढे त्यातले अनेक जीवाणू दुसऱ्या गटांत हलवावे लागले, कारण पिवळा-नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं अगदी दूरच्या जीवाणूंतही सापडतात.

रंग निरुपयोगी नाही. पिवळ्या वसाहतीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर ती लालसर-तपकिरी झाली, तर फ्लेक्सिरुबिन या रंगद्रव्याची शंका येते. पण हा फक्त धागा. निकाल जनुकं देतात: 16एस आरआरएनए या, जीवाणू ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचं ज्ञात जातींशी साम्य सुमारे 98.7 टक्क्यांहून कमी असेल तर नव्या जातीचा दावा बळकट होतो. जास्त असेल तर संपूर्ण जनुकसंच ताडून पाहतात आणि तिथे सीमा 95-96 टक्क्यांची; साम्य त्याखाली असेल तर जाती वेगळी.

‘थंडीप्रिय’ हा शब्दही सैल वापरला जातो, हे मला खटकतं. गारठ्यात तगणारे पुष्कळ असतात. खरे थंडीप्रिय 15 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली उत्तम वाढतात, 20 अंशांपलीकडे वाढत नाहीत. आणि नावाला अधिकृत मान्यता हवी, तर जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो.