रिमोटची कॉलर आणि तारेची कॉलर

कुत्र्याच्या गळ्यात दोन्ही सारख्याच दिसतात: छोटी डबी, आत बॅटरी आणि कातडीला टेकणारी धातूची दोन टोकं. म्हणून ब्रिटनमधल्या बंदीच्या वादात दोन्हींना सरसकट 'शॉक कॉलर' म्हटलं जातं. पण एकीचा झटका माणूस देतो, दुसरीचा जमिनीत पुरलेल्या तारेवरून ठरतो.

रिमोटच्या कॉलरमध्ये झटका कधी आणि किती जोराचा, हे मालकाच्या बोटावर. माझी खरी हरकत इथेच आहे. बोटात राग उतरतो. क्षणभर उशीर झाला, की झटका कशासाठी बसला हे कुत्र्याला कळतच नाही. तारेची कॉलर हद्दीजवळ आधी आवाज करते, मग झटका देते, दर वेळी त्याच जागी. तिचीही खोड आहे: ससा दिसताच उसळलेला कुत्रा झटका सोसून बाहेर पडतो, आणि परतताना तोच झटका आडवा येतो म्हणून बाहेरच राहतो.

वेल्सने २०१० मध्ये कुत्र्या-मांजरांसाठी दोन्ही बंद केल्या. इंग्लंडच्या २०२३ च्या मसुद्यात बंदी फक्त रिमोटवर होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती लागू व्हायची होती, झाली नाही.

रिमोटचे समर्थक म्हणतात, मेंढ्यांमागे धावणारा कुत्रा यामुळे थांबतो आणि मेंढ्या वाचतात. लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६३ कुत्र्यांवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. कॉलर उत्पादकांनीच सुचवलेल्या, कॉलर वापरणाऱ्या प्रशिक्षकांच्या कुत्र्यांपेक्षा बक्षीस देऊन शिकवणाऱ्यांचे कुत्रे हाक जास्त चांगली ऐकत होते. शिवाय घरातून निसटलेला कुत्रा एकटाच कळपात शिरतो, तेव्हा रिमोट दाबायला असतं कोण?

इंग्लंड-वेल्सचा १९५३ चा पशुधन संरक्षण कायदा गळ्यात कोणती कॉलर आहे हे विचारत नाही. मेंढ्यांच्या कुरणात कुत्रा दोरीविना आणि ताब्याबाहेर मोकळा असला, तर चावा न घेताही गुन्हा होतो. मेंढपाळाच्या कुत्र्याला यात सूट आहे. हे कडक वाटेल, पण नुसत्या पाठलागाच्या धसक्यानेही गाभण मेंढ्या गाभडतात. कळप वाचवायला दुसरा उपाय उरला नाही म्हणून शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातली आणि ४८ तासांत पोलिसांना कळवलं, तर १९७१ च्या कायद्यानुसार कुत्र्याच्या मालकाच्या भरपाईच्या दाव्यात त्याला बचाव मिळतो.