ग्रीक तलवार जड म्हणजे अस्सल? तसं नाहीये

"प्राचीन ग्रीक सैनिक प्रचंड वजन अंगावर घेऊन लढायचे, म्हणून रेप्लिका (त्यांच्या शस्त्रांची आजची नक्कल) जितकी जड तितकी अस्सल." हे वाक्य बऱ्याच वर्षांपासून फिरतंय, आणि पटतंही, कारण हातात जड वस्तू आली की ती मजबूत वाटतेच.

पण आधी तलवार बघा. त्यांची झिफोस नावाची आखूड तलवार साधारण 45 ते 60 सेंमी पात्याची, लोखंडाची, आणि मुख्य शस्त्र होतं भाला, तलवार नंतर उपसायची, दाटीत एका हाताने चालवायची, मग ती दोन-अडीच किलोची असून कसं चालेल? किलोच्या आतबाहेरच हवी. कॉरिंथियन, म्हणजे चेहरा झाकणारं ग्रीक शिरस्त्राण ब्राँझच्या एकाच तुकड्यातून ठोकून बनवायचे, पत्रा बऱ्याच ठिकाणी मिलिमीटरभर, वजन दीड किलोच्या आसपास. खरं ओझं ढालीचं, सहा-सात किलो.

मला सगळ्यात पटणारा पुरावा म्हणजे ऑलिंपियात, जिथे प्राचीन ऑलिंपिक खेळ व्हायचे तिथे, इ.स.पू. 520 पासून शिरस्त्राण घालून, ढाल घेऊन पळायची शर्यत असायची, जवळपास 385 मीटर! हालताच येणार नाही असं सामान असतं तर ही शर्यत झालीच नसती ना.

तपासायचं कसं? विकणाऱ्याला वजन, पात्याची लांबी आणि पत्र्याची जाडी लेखी विचारा, आणि म्युझियमच्या वेबसाइटवर मूळ वस्तूचे आकडे असतात त्यांच्याशी जुळवा. पातं मुठीत किती आत जातं तेही विचाराच, नुसत्या बारीक दांडीवर जोडलेली तलवार फक्त भिंतीवर ठेवायची, फिरवायची अजिबात नाही. आणि चिलखत घ्यायच्या आधी ते घालून वाका, बसा, दोन्ही हात वर करा.