चमचा: हातातला आणि दुसऱ्याच्या हातातला

नागपूरच्या ठेल्यावर तर्री-पोह्याची प्लेट हातात येते, तिच्यात चमचा खोचलेला असतो. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या चमच्यांवर बंदी आली आणि पातळ लाकडी चमचे दिसू लागले. तर्रीत ते लवकर भिजतात, हा भाग वेगळा. पाककृतींत ‘पोह्याचा चमचा’ हे मापही चालतं. औषधाचा लहान चमचा मात्र ५ मिलिलिटरचाच.

वैदर्भी स्वयंपाकघरात चमच्याला मान तसा उशिराच मिळाला. गंजातलं (पातेल्यातलं) वरण वाढायला डाव, पोळी उलटायला सराटा (पुण्याकडचं उलथनं), तळणीला झारा, देवघरात पंचपात्रातली पळी. जेवायचं मात्र हातानंच. ही अवजारं बहुतेक पितळेची, आणि पितळी भांड्यांसाठी नाव असलेलं भंडारा नागपूरच्या शेजारीच. आंबट पदार्थ पितळेत कळकू नये म्हणून कल्हई हवी. स्टेनलेस स्टील घरोघर आलं आणि कल्हईवाल्याची फेरी बंद पडली.

‘चमचा’ हा शब्द तुर्की-फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. त्याच्या कितीतरी आधी यज्ञात सोमरसाचा लाकडी ‘चमस’ होता आणि स्वयंपाकात ‘दर्वी’. दर्वीचं पाली रूप ‘दब्बी’. धम्मपद या बौद्ध ग्रंथाच्या ६४व्या गाथेत ती भेटते: मूर्ख माणूस जन्मभर पंडिताच्या सहवासात राहिला तरी त्याला धम्म कळत नाही, जशी दब्बीला सूपाची, म्हणजे वरणाची, चव कळत नाही. लगेच पुढच्या गाथेत ती चव ओळखणारी जीभ येते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपुरातल्या अनेक घरांत धम्मपद पोचलं, त्यामुळे इथल्या वाचकाला ही दब्बी परकी नाही.

माणसाला चमचा म्हणण्याची रीत बोलीतली. साहेबांच्या मागेपुढे करणारा, त्यांच्या विनोदाला आधी हसणारा तो चमचा. त्याचा उद्योग ती चमचेगिरी. ही शिवी तशी हलकी, थट्टेतही खपते.

तिला राजकीय धार दिली बहुजन समाज पक्षाचे संस्थापक कांशीराम यांनी. पुण्याच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करताना ते आंबेडकरी चळवळीकडे वळले. ज्या रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात झाली, त्याच्या गटबाजीनं ते निराश झाले. गांधी-आंबेडकरांच्या पुणे कराराला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, २४ सप्टेंबर १९८२ रोजी, त्यांचं ‘चमचा युग’ इंग्रजीत प्रसिद्ध झालं. त्यांचा चमचा खुशमस्कऱ्या नाही. स्वतःहून काही न करणारा, दुसऱ्यानं चालवला तरच चालणारा, आणि चालवणाऱ्याच्याच फायद्याचा, असा तो आहे. दोष त्यांनी एकट्या माणसाच्या स्वभावाला दिला नाही. १९३२ च्या करारानं दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे फक्त दलितांनीच आपला प्रतिनिधी निवडायचे, गेले; राखीव जागा सगळ्यांनी मत द्यायच्या संयुक्त मतदारसंघांत आल्या. राखीव जागेवरचा उमेदवार इतरांच्या मतांवर निवडून येऊ लागला आणि त्यांच्या कलानं चालू लागला, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे चमचे घडवणारा साचा त्यांनी निवडणुकीच्या पद्धतीतच शोधला.

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात कुणी कुणाला चमचा म्हणतं तेव्हा बहुधा हुजऱ्या एवढाच अर्थ असतो. कांशीराम यांचा अर्थ त्याहून बोचरा, कारण तो चमच्याइतकाच त्याला धरणाऱ्या हाताबद्दलही बोलतो.