जिथे तो खेळायचा, तिथेच

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत काम करणारे शॉन स्मिथ 11 सप्टेंबर 2012 रोजी लिबियातल्या बेनगाझी शहरात झालेल्या हल्ल्यात मारले गेले. ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या गेममध्ये मात्र त्यांची ओळख निराळी होती. तिथे ते ‘व्हाइल रॅट’ होते आणि हजारो खेळाडूंच्या आघाड्यांमध्ये वाटाघाटी करणारे मुत्सद्दी म्हणून नावाजलेले होते. त्यांच्या मृत्यूची बातमी पसरली तशी गेममधल्या अवकाशस्थानकांची नावे बदलू लागली. ज्याच्या ताब्यात जे स्थानक होते, त्याने ते व्हाइल रॅटच्या नावे केले. त्यात त्यांचे मित्र होते, तसे त्यांच्याविरुद्ध लढणारेही होते.

ईव्हमध्ये कुणी गेल्यावर ‘सायनो’ पेटवण्याचीही प्रथा आहे. सायनो हा खरे तर युद्धातला दिवा. दूरच्या ताफ्याला थेट उडी मारून यायचे असेल, तर आधी पोहोचलेल्या जहाजाने तो लावायचा. तो पेटला की आसपासच्या सगळ्यांना त्या जहाजाचा पत्ता लागतो आणि जहाज साधारण दहा मिनिटे जागचे हलू शकत नाही. जिथे फुटलेले जहाज परत मिळत नाही, अशा गेममध्ये आपण होऊन दहा मिनिटे असहाय उभे राहणे ही साधी गोष्ट नाही. श्रद्धांजलीसाठी या खेळाडूंनी नेमकी हीच कृती निवडली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

गेमबाहेरच्या माणसाला हे सगळे लटके वाटू शकते. ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही, त्याच्यासाठी कसले रडायचे? अशा दुःखाची दखल मानसशास्त्राने बरीच आधी घेतली आहे. केनेथ डोका यांनी 1989 मध्ये ‘हक्क नाकारलेले दुःख’ ही कल्पना मांडली. माणूस तर गमावला आहे, पण आपले त्याच्याशी असलेले नाते समाज नातेच मानत नाही. त्यामुळे ना कुणी सांत्वनाला येते, ना रजा मिळते, ना अंत्यविधीत जागा असते. गेममधला मित्र गेल्यावर नेमके हेच होते. रोज रात्री तीन-तीन तास ज्याच्याशी बोलणे व्हायचे, तो गेल्याचे घरात सांगायचे तरी कसे, असा प्रश्न पडतो. हे दुःख कुणालाही समजावून न सांगता व्यक्त करता येईल, अशी जागा एकच उरते. ती म्हणजे तो गेम.

शिवाय दुःखात काहीतरी करायला मिळणे फार महत्त्वाचे असते. मायकेल नॉर्टन आणि फ्रान्चेस्का जिनो यांनी 2014 मध्ये शोकविधींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोणताही छोटा विधी केल्याने, किंवा केलेला विधी नुसता आठवल्यानेही, लोकांना दुःखाची धार कमी झाल्यासारखी वाटली. कारण हातून निसटलेल्या परिस्थितीवर थोडा ताबा परत आल्याची भावना त्यातून येते. विधींवर आपला विश्वास नाही, असे म्हणणाऱ्यांनाही त्याचा फायदा झाला. गेममध्ये तर करण्यासारख्या कृती तयारच असतात. रांगेत उभे राहता येते, गुडघे टेकता येतात, शस्त्र खाली ठेवता येते. मे 2021 मध्ये जपानी मांगाकार, म्हणजे चित्रकथाकार, केंटारो मिउरा यांच्या निधनाची बातमी आली, तेव्हा ‘फायनल फँटसी 14’ मधल्या शहरांत ‘डार्क नाइट’ या योद्ध्याच्या रूपात खेळणारे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपापली अवजड तलवार घेऊन ओळीने उभे राहिले. मिउरांच्या नायकाची तलवारही तशीच अवजड होती. कुणी हुकूम सोडला नव्हता. एकाला पाहून दुसरा उभा राहत गेला.

हे झाले खेळाडूंनी केलेले. गेम बनवणारे स्मारक उभारतात, तेव्हा त्यांच्या हाती आणखी एक साधन असते. दगडी स्मारक गप्प उभे राहते, पण गेममधले स्मारक वागू शकते. गेममध्ये संगणकाने चालवलेली पात्रे असतात, त्यांना खेळाडू ‘एनपीसी’ म्हणतात. कुठे उभे राहायचे, कुणी जवळ आले की काय बोलायचे, काय द्यायचे, हे त्या पात्राच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेले असते. ‘बॉर्डरलँड्स 2’ हा गेम 2012 मध्ये आला. त्यात आदल्या वर्षी वारलेल्या एका तरुण चाहत्याच्या नावाचे पात्र आहे. ते अवचित कुठेतरी भेटते आणि भेटणाऱ्याच्या हातावर एखादी दुर्मिळ वस्तू ठेवून मोकळे होते.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये अशी पात्रे बरीच आहेत. त्यातली दोन मला विशेष वाटतात. ब्रेन ट्यूमर झालेला दहा वर्षांचा एझ्रा 2007 मध्ये आजारी मुलांच्या इच्छा पुरवणाऱ्या ‘मेक अ विश’ संस्थेमार्फत हा गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीच्या कार्यालयात गेला. तिथल्या लोकांसोबत बसून त्याने हरवलेला कुत्रा शोधण्याची एक कामगिरी रचली आणि ती सांगणाऱ्या पात्राला स्वतःचा आवाज दिला. पुढच्या वर्षी तो गेला. कंपनीने गेममधल्या दुसऱ्या एका पात्राचे नाव बदलून ‘एल्डर एझ्रा व्हीटहूफ’ केले. गेममधल्या मान्यवर वडीलधाऱ्यांना लागणारी ‘एल्डर’ ही पदवी अशा रीतीने एका लहान मुलाच्या नावामागे लागली.

दुसरे पात्र ‘क्रुसेडर ब्रायडनब्रॅड’. कंपनीतल्या एका अधिकाऱ्याचा भाऊ 2007 मध्ये कर्करोगाने गेला, त्याच्या आठवणीसाठी हे पात्र 2008 मध्ये गेममध्ये आले. ब्रायडनब्रॅडला प्लेगची बाधा झाली आहे आणि खेळाडूने त्याच्यासाठी उपाय शोधायचा आहे. गेमच्या जगातल्या एकेका महाशक्तीचे दार ठोठावून खेळाडू परत येतो, पण कुणाकडेच इलाज नसतो. अशा गेममध्ये कामगिरी घेतली की ती फत्ते होणार, हे जवळपास ठरलेले असते. इथे कितीही कसलेला खेळाडू असला, तरी त्याला माणूस वाचवता येत नाही. शेवटी दैवी प्रकाश ब्रायडनब्रॅडला घेऊन जातो, तेव्हा खेळाडूने फक्त पाहत उभे राहायचे. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यांची हतबलता एखाद्या गेमच्या नियमांतून इतकी नेमकी पोहोचवता येते, याचे मला आजही नवल वाटते.

दुःखातून बाहेर यायचे, तर गेलेल्याशी असलेले बंध सोडवावे लागतात, ही फ्रॉइड यांच्या 1917 मधल्या निबंधापासून रुजलेली समजूत. 1996 मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी तिला आव्हान दिले. नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते आणि असे ‘चालू राहिलेले बंध’ निकोप असू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. एझ्राच्या आवाजातल्या पात्राकडे कुत्र्याची चौकशी करायला जाणारा खेळाडू पाहिला, की मला ते पटते.

मात्र सगळ्यांनी एकत्र जमायचे म्हटले की गणित आडवे येते. एका जागी 100 खेळाडू आले, तर प्रत्येकाची हालचाल उरलेल्या 99 जणांच्या पडद्यावर पोहोचवावी लागते, म्हणजे प्रत्येक फेरीला 9,900 निरोप. खेळाडू 1,000 झाले की हाच आकडा 9,99,000 होतो. माणसे दहापट, पण काम शंभरपट. यावर अनेक गेम एक मार्ग काढतात. गर्दी वाढली की त्या जागेच्या दोन-तीन प्रती तयार करायच्या आणि माणसे त्यांत वाटून टाकायची. बाजारपेठेत हे चालून जाते. शोकसभेत मात्र पंचाईत होते, कारण शेजारी उभा असलेला मित्र दुसऱ्या प्रतीत गेला की दिसेनासाच होतो. ईव्हने निराळा मार्ग धरला. तिथे सगळे एकाच विश्वात राहतात आणि भार वाढला की त्या भागातला वेळच मंद केला जातो, अगदी नेहमीच्या एक दशांश वेगापर्यंत. ही सोय महायुद्धांसाठी केलेली. पण सगळ्यांनी एकत्र उभे राहायचे असेल, तर मला हीच तडजोड जास्त माणुसकीची वाटते.

गेमचे नियम शोकाला ओळखत नाहीत, हेही खरे. 2006 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका मृत खेळाडूसाठी बर्फाळ प्रदेशात जमलेल्यांवर दुसऱ्या गटाने हल्ला करून सगळ्यांना मारले आणि त्याचे चित्रणही पसरवले. त्या सर्व्हरवर तो भाग सर्वांना लढाईसाठी खुला होता, त्यामुळे नियम मोडला गेला नव्हता. माझ्या मते तरीही ते कृत्य वाईटच होते.

या स्मारकांना खरा धोका मात्र हल्लेखोरांपेक्षा बंद होणाऱ्या सर्व्हरचा आहे. ऑनलाइन गेममधले जग खेळाडूच्या संगणकावर पूर्ण नसतेच. चित्रे आणि आवाज त्याच्याकडे असतात. कोण कुठे आहे, कुणाकडे काय आहे, कुठले पात्र कसे वागते, हे सारे कंपनीच्या सर्व्हरवर. तो थांबला की उरते ते फक्त सामान. ‘सिटी ऑफ हिरोज’ हा गेम 30 नोव्हेंबर 2012 रोजी बंद झाला. बंदची घोषणा झाल्यावर खेळाडू आपापले नायक घेऊन गेममधल्या अ‍ॅटलस पार्कमध्ये निषेधासाठी जमले, पण निर्णय बदलला नाही. चाहत्यांनी सर्व्हर पुन्हा उभा केला आणि जानेवारी 2024 मध्ये त्याला मालक कंपनीचा अधिकृत परवानाही मिळाला. अशी दुसरी संधी फार थोड्या गेमना मिळते. विकलेले गेम बंद करताना ते खेळता येतील अशा स्थितीत सोडावेत, ही मागणी युरोपात 10 लाखांहून अधिक लोकांनी सह्या करून केली आहे. त्या मागणीत मला या स्मारकांचाही प्रश्न दिसतो.

तोवर खेळाडूंनी स्वतः नोंदी ठेवणे हाच खात्रीचा उपाय. नॉर्वेचा मॅट्स स्टीन डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजाराने नोव्हेंबर 2014 मध्ये वयाच्या 25 व्या वर्षी गेला. मुलगा एकाकी जगला, असेच त्याच्या आईवडिलांना वाटत होते. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये त्याला ‘इबेलिन’ या नावाने ओळखणाऱ्यांची पत्रे येऊ लागली. अंत्यविधीला त्यांच्यातले काही जण परदेशांतून आले. ‘स्टारलाइट’ या त्याच्या गिल्डने, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाने, खेळतानाचे संवाद स्वतःच्या संग्रहात वर्षानुवर्षे जपले होते. इबेलिनने कुणाला काय सांगितले, कुणाला कसा धीर दिला, हे सगळे त्यात शब्दशः होते. त्याच्यावर 2024 मध्ये आलेल्या माहितीपटातले गेममधले आयुष्य याच नोंदींवरून पुन्हा उभे केले आहे.