डर्ट बाईकचे विद्युत रूपांतर (खानदेश)

शर्यतीसाठी किंवा कच्च्या वाटांसाठी बांधलेल्या हलक्या मोटारसायकलवर पुढचा-मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न व बॅटरी चालतील असे तिच्या वायरिंगमध्ये केलेले फेरबदल. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत हे काम ऑटो इलेक्ट्रिशियन करतात. त्याच्या मुख्य भागाला गॅरेजात ‘गाडी फुल डीसी करणे’ म्हणतात (डीसी म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह).

डर्ट बाईकमध्ये बहुधा बॅटरी नसते. फ्लायव्हीलमधील चुंबक फिरले की स्टेटरच्या (इंजिनाला पक्क्या बसवलेल्या स्थिर भागाच्या) गुंडाळीत प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) निर्माण होतो व त्यावर सीडीआय, म्हणजे प्रज्वलनाचा इलेक्ट्रॉनिक संच, ठिणगी पाडते. निव्वळ मोटोक्रॉसच्या अनेक गाड्यांत दिव्यांसाठी गुंडाळीच नसते. ती नवी भरावी लागते किंवा दुसरा स्टेटर घालावा लागतो. केळी पट्ट्यात पंपाच्या मोटारी भरून देणारी दुकाने आहेत. तेथील इनॅमलची तांब्याची तार व हातोटी या कामी येते, मात्र गाडीच्या स्टेटरला इंजिनाची उष्णता व तेल दोन्ही सोसावे लागतात. ठिणगीच्या गुंडाळीतून दिव्यांसाठी प्रवाह काढू नये. तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) फार जास्त असतो.

कामाचा कस लागतो तो अर्थिंगमध्ये. दिव्याच्या गुंडाळीचे एक टोक सहसा स्टेटरच्या लोखंडी गाभ्याला, म्हणजेच इंजिनाला, डाग देऊन (सोल्डरने) जोडलेले असते. बॅटरीची ऋण बाजूही चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडतात. अशा गाडीत चार डायोडचा पूर्णतरंगी एकदिशकारक (एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर) तसाच बसवला, तर एका अर्धतरंगात गुंडाळी एकाच डायोडमधून चेसीवर लघुपरिपथित होते. डायोड जळतो, गुंडाळीही तापते. म्हणून ते टोक गाभ्यापासून सोडवतात, त्याला स्वतंत्र वायर डाग देतात, वर उष्णतारोधक स्लीव्ह चढवतात आणि मूळ रबरी बुचातून ती बाहेर काढून तेल झिरपू नये म्हणून बूच पुन्हा सील करतात. मल्टिमीटरचे एक टोक वायरला व दुसरे इंजिनाला लावल्यावर ‘बीप’ आला नाही, म्हणजे गुंडाळी ‘उचलली’ गेली, चेसीपासून सुटी झाली. यानंतर हेडलाइटही बॅटरीवर घ्यावा लागतो. तो जुन्या एसी वायरीवर राहिला, तर दिव्याच्या अर्थमधून गुंडाळी पुन्हा चेसीला जोडली जाते व सगळी मेहनत वाया जाते.

काही कारागीर गुंडाळीला हात न लावता अर्धतरंगी रेग्युलेटर (एसीचा निम्माच तरंग घेऊन दाब आटोक्यात ठेवणारा भाग) वापरतात. एलईडी दिवे असतील तर तेवढ्यावर भागते, हे त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. तथापि निम्मा तरंग वाया जातो, आणि 35 वॉटचा हॅलोजन, 21 वॉटचा ब्रेक दिवा व प्रत्येकी 10 वॉटचे दोन इंडिकेटर एकाच वेळी चालवायचे झाल्यास पूर्णतरंगी पद्धतच अधिक भरवशाची. चार्जिंगचा दाब साधारण 13.8 ते 14.5 व्होल्टच्या दरम्यान असावा. बॅटरीऐवजी मोठा कपॅसिटरही लावतात, पण इंजिन बंद पडले की मागचा दिवाही विझतो.

चावीचे कुलूप जोडताना सीडीआयचा प्रकार पाहणे अगत्याचे. एसी सीडीआयची ‘किल’ वायर अर्थ केली की इंजिन बंद होते. तिच्यात चुकून 12 व्होल्ट सोडले, तर सीडीआय निकामी होऊ शकते. एलईडी इंडिकेटरला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (दिवा लुकलुकवणारा भाग) लागतो, शिवाय मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच खूण-दिवा असल्यास चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात. दोन डायोड घातले की हा दोष जातो.

खानदेशात हे कौशल्य कोठून आले, याची दोन प्रकारे उपपत्ती लावता येते. सातपुड्याच्या वाटांवर डर्ट बाईक नेण्याच्या हौसेतून, ही एक. राजदूत, येझदीसारख्या जुन्या गाड्यांचे 6 व्होल्टचे वायरिंग 12 व्होल्टवर आणणे आणि पुढे यामाहा आरएक्स 100 (1985) चा हेडलाइट बॅटरीवर घेणे, या नेहमीच्या गॅरेजकामातून, ही दुसरी. अवजारे, शब्द आणि रीत यांतील साम्य पाहता दुसरी अधिक संभाव्य वाटते.

वायरिंग पुरे झाले म्हणजे गाडी कायदेशीर झाली, असे नव्हे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 39 प्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवता येत नाही, आणि नव्या वाहनाच्या नोंदणीस उत्पादकाचे नमुना 22 मधील प्रमाणपत्र लागते. कावासाकीच्या केएक्स मालिकेसारख्या केवळ मैदानी गाड्यांची रस्त्यासाठी विक्रीच होत नाही. दिवे लावून एमएच-18, 19 किंवा 39 ची पाटी मिळत नाही. नोंदणी झालेल्या गाडीतील फेरफारांना कलम 52 लागू होते. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत सतत जळता ठेवावा लागतो, त्यामुळे अलीकडच्या गाड्यांत हेडलाइटचे बटण दिसत नाही.

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. शंट रेग्युलेटर जादा वीज उष्णतेच्या रूपाने टाकत असल्याने तो सीटखाली कोंडत नाहीत, हेडलाइटमागे वारा लागेल असा बसवतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल कपलरमध्ये (वायरींच्या जोडांत) शिरून पिना हिरव्या पडतात. म्हणून जोडांत ग्रीस भरतात आणि कपलरचे तोंड खाली ठेवतात.