पेट्रोल पंपाखालचं भूजल : तरंगणारं इंधन आणि विरघळलेलं इंधन

भूमिगत टाकीतून किंवा पाइपाच्या सांध्यातून पेट्रोल झिरपलं की ते भूजलात दोन रूपांत सापडतं. एक म्हणजे पाण्यावर तरंगणारा थर, आणि दुसरं, त्या थरातून पाण्यात उतरलेली रसायनं. उगम एकच असल्यामुळे या दोन्हींची सर्रास गल्लत होते. अहवालात ‘निरीक्षण विहिरीत इंधन आढळलं नाही’ असं वाचलं की लोक निर्धास्त होतात. पण त्या वाक्यातून एवढंच कळतं की भूजल तपासण्यासाठी खोदलेल्या त्या विहिरीत तरंगणारा थर सापडला नाही. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

पेट्रोलची घनता पाण्याच्या साधारण पाऊणपट असते. ते मातीतून खाली उतरताना बरंचसं पोकळ्यांत अडकतं आणि उरलेलं भूजल पातळीपाशी थांबून आडवं पसरतं. हा थर इंटरफेस प्रोबने मोजतात. टेपच्या टोकाचा सेन्सर इंधनाला टेकला की एक आवाज येतो, पाण्याला टेकला की वेगळा येतो. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे थराची जाडी.

ही जाडी मात्र फसवी असते. विहिरीत तीस सेंटिमीटर थर दिसला म्हणून जमिनीतही तेवढाच थर असतो असं नाही. तिथे इंधन, पाणी आणि हवा एकाच मातीच्या पोकळ्यांत वाटेकरी असतात. शिवाय भूजल पातळी खाली गेली की अडकलेलं इंधन सुटून विहिरीत येतं आणि थर जाड होतो. पातळी चढली की तेच इंधन पाण्याखाली कोंडलं जातं आणि थर दिसेनासा होतो. त्यामुळे पावसानंतर थर नाहीसा झाला, तर त्याला सफाई म्हणू नये. विहिरीची रचनाही पाहावी लागते. पाइपाचा चिरा पाडलेला भाग पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे असायला हवा. तो पूर्ण बुडालेला असेल तर तरंगणारं इंधन विहिरीत शिरतच नाही. कुठलाही अहवाल हाती आला की मी आधी हेच तपासा असं सांगेन.

विरघळलेलं इंधन डोळ्यांना दिसत नाही. बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन ही त्यातली नेहमी तपासली जाणारी रसायनं. बेंझीनमुळे कर्करोग होतो, म्हणून त्याची काळजी सर्वांत जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. पाण्यात बेंझीनचा वास मात्र लिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅमला, म्हणजे हजारपट प्रमाणाला जाणवतो. वास नाही म्हणून पाणी चांगलं, हा समज म्हणूनच धोकादायक आहे.

इथे प्रयोगशाळेला पर्याय नाही, आणि नमुना घेण्यातच बरीच कसोटी असते. विहिरीतलं पाणी उपसणारा पंप अगदी संथ चालवून तापमान, पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन स्थिर होऊ द्यायचा, मगच बाटली भरायची. ती काठोकाठ भरावी लागते, आत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण बेंझीन लगेच हवेत उडून जातं. ज्या विहिरीत थर आहे तिथल्या पाण्याचा नमुना घेऊ नये. बाटलीत इंधनाचे थेंब आले की आकडा भरमसाट फुगतो आणि त्याला विरघळलेलं प्रमाण म्हणता येत नाही.

थर सहसा गळतीच्या आसपास राहतो, तर विरघळलेली रसायनं भूजलाच्या प्रवाहाबरोबर पुढे जातात. प्रवाहाची दिशा ठरवायला एका रेषेत नसलेल्या निदान तीन विहिरी लागतात. त्यातल्या एखाद्या विहिरीत थर असेल तर पाण्याची पातळी दुरुस्त करून घ्यावी लागते : पेट्रोलचा 40 सेंटिमीटरचा थर खालचं पाणी सुमारे 30 सेंटिमीटर दाबून ठेवतो. हे विसरलं तर दिशा चुकते आणि पुढची विहीर भलत्याच जागी खोदली जाते. एमटीबीई हे पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं रसायन तर बेंझीनपेक्षाही सहज विरघळतं आणि लांब जातं. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला 1996 मध्ये त्यापायी पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या.

विरघळलेल्या रसायनांना जमिनीतले जिवाणू खातात. त्यात ऑक्सिजन, नायट्रेट आणि सल्फेट घटतात, विरघळलेलं लोह आणि मिथेन वाढतात, म्हणून बेंझीनबरोबर हेही मोजावं. पण मातीत अडकलेलं इंधन नवा पुरवठा करतच राहतं. तरंगणारा थर उपसून काढला तरी बेंझीनचा आकडा त्या प्रमाणात उतरत नाही, आणि उपसा थांबवल्यावर काही महिन्यांनी तो पुन्हा चढू शकतो. म्हणून उपसा बंद झाल्यानंतरही, भूजल पातळी उंच असताना आणि खोल असताना, दोन्ही वेळा नमुने घ्यावे लागतात.