पर्सी घराणे

उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्बरलंड परगण्याचे प्रसिद्ध सरदार घराणे. मूळ नॉर्मन, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे. आडनाव गावावरून पडले आहे. नॉर्मंडीत पर्सी नावाची दोन गावे असून त्यांपैकी ओज भागातले लहान गाव घराण्याचे मूळ ठिकाण मानण्याकडे आजच्या अभ्यासकांचा कल दिसतो. पर्सियस नावाच्या कुणा माणसाची जमीन ती पर्सी, अशी त्या ग्रामनामाची उकल आहे. ‘द पर्सी’ म्हणजे पर्सीचा. पुणेकर, नाशिककर यांतला ‘कर’ जे काम करतो, तेच काम हा ‘द’ करी. तो पुढे गळून पडला.

या आडनावाची एक दंतकथाही आहे. १०९३ मध्ये स्कॉटलंडचा राजा तिसरा माल्कम नॉर्थम्बरलंडमधल्या ॲनिकजवळ मारला गेला. तिथल्या किल्ल्याच्या किल्ल्या भाल्याच्या टोकावर देण्याच्या मिषाने एका शिपायाने त्याच्या डोळ्यात भाला खुपसला आणि ‘पिअर्स आय’, म्हणजे ‘डोळा भेदणारा’, यावरून पर्सी नाव पडले, असे सांगत. गोष्ट रंगतदार असली तरी खरी नाही. पर्सी ॲनिकला आले ते १३०९ मध्ये, आणि तेही तलवारीच्या जोरावर नव्हे. डरॅमचा बिशप अँटनी बेक याच्याकडून हेन्री पर्सीने ती जहागीर विकत घेतली.

मूळ पुरुष विल्यम द पर्सी हा नॉर्मन विजयाच्या सुमारास इंग्लंडात आला. १०८६ च्या डूम्सडे जमीनपाहणीत यॉर्कशर आणि लिंकनशरमध्ये त्याच्या नावावर मोठ्या जमिनी आहेत. व्हिटबीचा उजाड मठ त्याच्या काळात पुन्हा उभा राहिला. त्या काळी नॉर्मन सरदार दाढीमिशा सफाचट ठेवीत. हा मात्र मिशा राखी, म्हणून लोक त्याला ‘आल्स जेर्नों’, म्हणजे मिशाळ, म्हणत. ‘अल्जरनॉन’ हे इंग्रजी नाव त्या टोपणनावातूनच आले.

घराण्याची खरी कहाणी मात्र मुलींची आहे. बाराव्या शतकात पुरुषवंश खुंटला आणि वारसा मुलींकडे गेला. त्यांतल्या ॲग्नेसचे लग्न लूव्हाँच्या जॉसलिनशी झाले. तो इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याची राणी ॲडेलायझा हिचा सावत्र भाऊ, म्हणजे कुळाने वरचढच. तरी मुलांनी आडनाव लावले ते आईचे. पुढे याच शाखेला १३७७ मध्ये नॉर्थम्बरलंडची अर्लपदवी मिळाली. श्रूजबरीच्या लढाईत १४०३ साली पडलेला हॅरी ‘हॉटस्पर’ पर्सी याच शाखेतला.

१६७० मध्ये पुन्हा तेच झाले. अकरावा अर्ल वारला तेव्हा मागे तीन वर्षांची एलिझाबेथ तेवढी उरली. एवढ्या मोठ्या मिळकतीची एकुलती वारस असल्याने त्या पोरीचे बालपण लग्नांतच सरले. पंधराव्या वर्षी तिचे तिसरे लग्न लागले. दुसऱ्या नवऱ्याचा लंडनच्या पॅलमॅल रस्त्यावर बग्गीतून जाताना रात्री खून झाला होता.

तिच्या नातीने १७४० मध्ये सर ह्यू स्मिथसन या यॉर्कशरच्या गृहस्थाशी लग्न केले. सासरची पदवी हाती आल्यावर १७५० मध्ये त्याने संसदेच्या कायद्याने पर्सी आडनाव घेतले आणि १७६६ मध्ये तो ड्यूक झाला. आजचे ड्यूक याच ह्यूचे वंशज. त्याने टाकलेले आडनाव त्याच्या अनौरस मुलाने, रसायनशास्त्रज्ञ जेम्स स्मिथसनने, लावले. अमेरिकेत कधीही पाऊल न ठेवलेल्या या जेम्सच्या संपत्तीतून वॉशिंग्टनला १८४६ मध्ये स्मिथसोनियन संस्था उभी राहिली.